क्लाउनफिशची जोडी हवी, तर नर-मादी नको, लहान-मोठा मागा

क्लाउनफिश हा शोभेचा समुद्री मासा घ्यायला जाल तेव्हा दुकानात "एक नर, एक मादी द्या" म्हणू नका. एक लहान आणि एक मोठा मागा. बेळगावात शहापूरला आमचं माशांचं दुकान आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठूनही गिऱ्हाईक येऊ दे, मी हेच सांगते. लोकांना दोन सारख्या साइजचे मासे हवे असतात, जोडी शोभून दिसते म्हणून. मग त्यातला एक फाटक्या पंखांनी टँकच्या वरच्या कोपऱ्यात अडकून बसतो, खायला येत नाही, आणि मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

या माशांत जन्मतः मादी कोणीच नसते. पिल्लांचं लिंग ठरलेलंच नसतं. एकत्र राहायला लागली की जो मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. त्याच्या खालचा नर. समुद्रात हे मासे ॲनिमोनमध्ये, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात राहतात. तिथं एकाच ॲनिमोनमध्ये त्यांच्याखाली आणखी दोन-चार लहान मासे आपली पाळी येईपर्यंत राहतात, पण त्यांना पिल्लं होत नाहीत. मादी गेली की नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. मात्र एकदा मादी झालेला मासा परत नर होत नाही. म्हणून दोन मोठ्या, मुरलेल्या माद्या एका टँकमध्ये कधीच सोडू नका. दोघींतली एकही खाली उतरू शकत नाही, त्यामुळे शेवट मरणातच होतो.

साइजचा फरक किती हवा? संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या पर्क्युला जातीच्या माशांवर काम केलं, ते 2003 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. एका ॲनिमोनमधला प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठराविक प्रमाणात लहान असतो, म्हणजे लांबीनं वरच्याच्या साधारण 80 टक्के, आणि खालचा आपली वाढ आवरून धरतो, वरच्याला धोका वाटू नये म्हणून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. "नर वाढेना, काहीतरी औषध द्या" म्हणून लोक येतात. त्याला औषध नको. तो लहान राहतो म्हणूनच सुखानं राहतो. घेताना मी स्वतः एक 3 सेंटीमीटरचा आणि एक साडेचार-पाचचा निवडून देते, दोन्ही कोवळे. घरी आधीच मोठी मादी असेल तर सोबतीला अगदी बारकं पिल्लू न्या.

जात एकच असू द्या. नवख्यानं ओसेलारिस जातीचाच घ्यावा, तो सगळ्यांत शांत. मरून क्लाउन या जातीची मादी फार तापट असते, ती पहिल्या जोडीला नको. आणि दोनच घ्या. तिसरा मासा जोडीच्या मारानं हैराण होतो, समुद्रासारखी लांब पळायला जागा टँकमध्ये नसते. ॲनिमोन नसला तरी जोडी जमते.

टँक ऐंशीएक लिटरचा तरी हवा. मीठ आरओच्या पाण्यात कालवा, घनता 1.025 ठेवा, तापमान 25 ते 27 अंश. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा हीटरशिवाय समुद्री टँक ठेवूच नका. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीचा एअर पंप घरात असलेला बरा.

जुन्या मादीकडे नवं पिल्लू सोडायचं असेल तर आधी दगड इकडेतिकडे हलवा, म्हणजे "ही माझी जागा" हा तिचा हक्क जरा सैल पडतो. पिल्लाला भोकांच्या पारदर्शक डब्यात घालून टँकमध्येच काही दिवस टांगा. मादी त्या डब्यावर धडका मारायची थांबली की संध्याकाळी दिवे मालवून सोडा.

यानंतर फोन येतो, "अक्का, बारका मासा थरथरूलालाय, आजारी पडला काय?" आजारी नाही. मोठी जवळ आली की लहान मासा अंग कलतं करतो, डोकं वर किंवा खाली धरतो आणि शेपटीपर्यंत थरथरतो. दोन-चार सेकंद, मग पुन्हा नेहमीसारखा पोहायला लागतो. तो सांगतो, तू मोठी, मी ऐकतो. घरात थोरला-धाकटा ठरला की वाद मिटतात, तसं हे. ही थरथर दिसली की मी निश्चिंत होते. थोडा पाठलाग, एखादा चावा, एवढं चालतं. पण दोघांनी एकमेकांचा जबडा धरला, पंख चिरले, किंवा लहान मासा सलग खायचा बंद झाला, तर त्याच दिवशी वेगळे करा.

जमलेली जोडी रात्री एकाच कोपऱ्यात अंगाला अंग लावून झोपते. पुढं दोघं मिळून एखादी जागा तोंडानं घासून साफ करतात. तिथं न रंगवलेल्या मातीच्या कुंडीचा तुकडा ठेवा, खानापूरची कुंडी उत्तम. अंडी घालायला काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. अंडी नारिंगी असतात. नर पंखांनी वारा घालतो, खराब झालेली उचलून खातो. सात-नऊ दिवसांत अंड्यांत चंदेरी डोळे दिसतात आणि दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर पडतात. त्यांना पहिलं खाणं जिवंत रोटिफरचं, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक जिवांचं लागतं. ते तयार नसेल तर पिल्लं वाचत नाहीत, म्हणून आधी रोटिफर वाढवायला शिका.

मादी मेली तर घाईनं दुसरी मोठी मादी आणू नका. उरलेला नर आता मादी व्हायला लागतो. स्वभावानं लगेच, शरीरानं काही आठवड्यांनी-महिन्यांनी. त्याच्याहून लहान पिल्लूच आणा.