रेड वाइन कोमट लागली तर

छोट्या वाइन बारमध्ये रेडच्या बाटल्या बऱ्याचदा दिव्यांखाली फळीवरच असतात. मग पहिल्याच घोटाला अल्कोहोल नाकात जातं आणि फळाची चव हरवते. अशा वेळी वाइन बदलू नका, बर्फाची बादली मागा.

१. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं हवं. नुसत्या बर्फात बाटली सावकाश गार होते.
२. दहा मिनिटांनी बाटली बाहेर काढा. भारदस्त रेड १६ ते १८ अंशांना छान लागते, हलकी त्याहून थोडी गार.

ग्लासनेच घेत असाल तर ओतण्याआधी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. चांगल्या बारमध्ये आनंदाने ठेवतात. चीजची प्लेट मात्र आल्याआल्या संपवू नका, थंडपणा गेला की तिची चव खुलते.

ग्लासात बर्फ टाकू नका, वाइन पाणचट होते.