त्रिकोणातला समभुज त्रिकोण: या चुका टाळा

काटकोन त्रिकोण अबक घ्या. कोन क काटकोन, कब = ४, कअ = ३, कर्ण अब = ५. कब वर प, कअ वर फ आणि कर्णावर म असे बिंदू घ्यायचे की पफम समभुज व्हावा. असे त्रिकोण असंख्य निघतात. त्यातल्या सर्वांत लहान त्रिकोणाची बाजू किती?

पहिली चूक आकृती काढतानाच होते. हात आपोआप पफ कर्णाला समांतर काढतो. मग समरूप त्रिकोण आयतेच मिळतात, क पासून कर्णावरचा लंब २.४, आणि दोन ओळींत बाजू येते १.७८३. पण समांतर आहे असं प्रश्नात म्हटलंय कुठे? काही जण कप = कफ धरतात, म्हणजे कोन कपफ ४५°. त्यांची बाजू १.७७५. खरं उत्तर १.७७३! आकृती कितीही काटेकोर काढा, पट्टीने मोजून हा फरक दिसणार नाही. म्हणूनच ही चूक चिवट आहे.

मध्यबिंदू जोडणाऱ्यांची गोष्ट सोपी. तो त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप असतो, त्यामुळे मूळचा समभुज नसेल तर हाही नाही.

तेव्हा कोन मोकळा ठेवा. कोन कपफ = थीटा, बाजू = स, आरंभबिंदू क, क्ष-अक्ष कब वर. मग कप = स कोसाइन थीटा, कफ = स साइन थीटा, आणि म चे निर्देशक:

क्ष = (स/२)(कोसाइन थीटा + √३ साइन थीटा)
य = (स/२)(साइन थीटा + √३ कोसाइन थीटा)

इथे चिन्ह सांभाळा. पफ च्या दोन्ही अंगांना समभुज त्रिकोण उभा राहतो. √३ च्या आधी वजा पडलं तर म भलत्या बाजूला जातो. ओळखायची खूण: थीटा लघुकोन कोणताही घ्या, एक तरी निर्देशक ऋण येतोच.

म कर्णावर आहे, म्हणून क्ष/४ + य/३ = १. यावरून

स = २४ ÷ [(३ + ४√३) कोसाइन थीटा + (४ + ३√३) साइन थीटा]

स लहान हवा तर छेद मोठा हवा. घाईत छेदाचीच लहानात लहान किंमत शोधत बसणारे कमी नाहीत. विकलन करायचीही गरज नाही: दोन्ही सहगुणकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या, तीच छेदाची महत्तम किंमत. स = १२ ÷ √(२५ + १२√३), थीटा सुमारे ४२.८°.

शेवटी तिन्ही बिंदू खरोखर बाजूंवरच आहेत ना, ते बघा. या त्रिकोणात अडचण येत नाही, पण विशालकोन त्रिकोणात एखादा बिंदू कधी कधी वाढवलेल्या बाजूवर पडतो आणि सूत्राचं उत्तर बाद होतं.

मॉर्लेचं प्रमेय सांगतं की कोणत्याही त्रिकोणाच्या कोनांचे लगतचे त्रिभाजक जिथे छेदतात ते तीन बिंदू समभुज त्रिकोण बनवतात. ते नुकतंच वाचलेली मुलं ते इथे लावू पाहतात. त्या समभुज त्रिकोणाचे शिरोबिंदू कोनांच्या त्रिभाजकांवर, म्हणजे त्रिकोणाच्या आत असतात, बाजूंवर नाही. त्याचा इथे काही उपयोग नाही.

सरावाला अमेरिकेतल्या एआयएमई या शालेय गणित स्पर्धा परीक्षेचा २०१७ चा प्रश्न घ्या: बाजू २√३, ५ आणि √३७, सर्वांत लहान समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा. उत्तर ७५√३/६७. तुमचं ३००/६७ आलं असेल तर रीत बरोबर आहे, फक्त तो बाजूचा वर्ग आहे. √३/४ ने गुणायचं राहिलंय.