गोडं पाणी, खारं पाणी: घरच्या टँकमधले प्रवाळ

आमच्या बाल्कनीत पंचवीस-पंचवीस लिटरचे दोन ड्रम आहेत. एकावर हिरवी चिकटपट्टी, दुसऱ्यावर लाल. हिरव्यावर मार्करने लिहिलंय 'गोडं', लालवर 'खारं'. या पट्ट्या पूर्वी नव्हत्या. एका वर्षी गणपतीला सात दिवस गावी गेले, तेव्हा टँक नवऱ्याच्या ताब्यात होता. "पाणी कमी झालं की ड्रममधलं घाल," एवढंच सांगितलं होतं. कोणत्या ड्रममधलं, ते सांगायचं राहून गेलं. त्याने इमानेइतबारे रोज दीड लिटर खारं पाणी ओतलं. समुद्रातल्या जिवांना समुद्राचं पाणी, असा त्याचा सरळ हिशोब. परत आले तर झोआ (बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे प्रवाळ) मुठी आवळल्यासारखे मिटलेले, लेदर कोरल मान टाकून बसलेलं आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं साधन, ३८ दाखवतंय. हवा ३५, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम मीठ.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. भाईंदरच्या मिठागरात जे होतं तेच तुमच्या टँकमध्ये रोज थोडं थोडं होत असतं. म्हणून रोजची तूट नेहमी गोड्या पाण्याने भरायची. खारं पाणी फक्त आठवड्याच्या पाणीबदलासाठी. कोरल पाळायचं तर हे पहिलं शिका, बाकीचं नंतर.

आणि ३८ चं ३५ मी त्याच दिवशी केलं नाही. तो मोह फार होतो. रोज तीन लिटर खारं काढायचं, तेवढंच गोडं हळूहळू घालायचं. माझ्या १२० लिटरच्या टँकमध्ये त्याने दिवसाला साधारण एकेक अंक उतरतो. तीन दिवस लागले. कोरलला चुकीच्या आकड्यापेक्षा आकड्याची उडी जास्त बाधते. ३६ वर स्थिर असलेला टँक मी रोज ३३-३६-३४ नाचणाऱ्या टँकपेक्षा बरा मानते.

मी डोंबिवलीत राहते आणि ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. टायट्रेशनची सवय हातात आहे, तिचा उपयोग घरी होतो. (कॉलेजचं डिस्टिल्ड वॉटर घरी आणत नाही. कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.) टँक तीन फुटी आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, थोड्या गोगलगायी, झोआ, मशरूम आणि एक सार्कोफायटन, म्हणजे दुकानात ज्याला लेदर म्हणतात ते. सगळे मऊ कोरल.

टणक कोरल का नाही, हे नवीन लोक हमखास विचारतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, २००१ पासून. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मुंबईत कोस्टल रोडसाठी खडकांवरचे प्रवाळ हलवायचे होते तेव्हा सरकारी कामालाही वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा मालवणला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर पांढरा, जाळीदार तुकडा दिसला, तर 'मेलेलाच तर आहे' म्हणून पिशवीत टाकू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. टँकमध्ये मी कोरडा, कृत्रिम खडक वापरते. मऊ कोरलही टँकमध्येच वाढवलेल्या फ्रॅगमधून, म्हणजे कापून लावलेल्या तुकड्यांतून, आणि बिलासकट घेते. विकणारा 'कुठून आलं' या प्रश्नावर हसला, तर पैसे खिशात ठेवा.

आता पाणी. नळाचं पाणी थेट चालत नाही, त्यात क्लोरीन असतं आणि फॉस्फेटही असू शकतं. "आमच्याकडे आरओ आहे की," असं म्हणाल, तर आधी त्याच्या नळाखाली टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) धरा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते. माझ्या घरच्या फिल्टरचं पाणी ६० दाखवायचं. पिण्यासाठी उत्तम, कोरलसाठी नाही. मी मिसळण्याचा तो स्क्रू बंद करून घेतला नाही, कारण सासूबाईंना पाणी 'उकळून गार केल्यासारखं' लागलं असतं. त्याऐवजी टँकसाठी वेगळी लहान आरओ लाइन आणि तिच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लावला. त्यातून शून्य येतं. मीटर एक-दोन दाखवू लागला की रेझिन बदलायची वेळ झाली.

खारं पाणी करायला लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट लागतं, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. खायचं मीठ नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं. मीठ पाण्यात टाकायचं, पाणी मिठावर ओतायचं नाही. नाहीतर तळाशी पांढरा साका बसतो. ड्रममध्ये छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्यायचं. मोजायला प्लास्टिकचं काट्याचं हायड्रोमीटर घेऊ नका, काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की ते खोटं बोलतं. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पण तोही नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून थांबू नका. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, हे द्रावण त्याच्या काचेवर ३५ दाखवायला हवं. माझा नवाकोरा रिफ्रॅक्टोमीटर दोन अंक चुकत होता, आणि मी चार महिने त्याच्यावर विश्वास ठेवून होते.

नवीन टँकमध्ये खडक, वाळू, पाणी सगळं मांडून झालं की चार ते सहा आठवडे त्यात कोणताही जीव सोडायचा नाही. खडकावर जिवाणू बसावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया घातल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मग पहिली गोगलगाय. कोरल त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी. याहून जास्त यावर लिहिण्यासारखं नाही, वाट बघायची.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. डोंबिवलीत खोलीच ३४ डिग्री असते आणि त्यात पंप-लाइटची उष्णता. पाणी २५ ते २७ हवं, २८ पर्यंत मी गप्प बसते. पहिल्या उन्हाळ्यात ते ३१ वर चार दिवस राहिलं. मशरूम लाल होते. त्यांचा रंग गळत गेला आणि शेवटी ते भिजलेल्या टिश्यूपेपरसारखे दिसू लागले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली. त्याने बनवलेल्या अन्नावर प्रवाळाचा बराचसा प्रपंच चालतो. पाणी तापलं की हे नातं तुटतं, शैवाल बाहेर पडतं आणि खाली पांढरं उरतं. लक्षद्वीपच्या बेटांभोवती १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. पांढरं झालेलं कोरल लगेच मेलेलं नसतं, ते उपाशी असतं. माझ्या पाच मशरूमपैकी तीन परतले. त्यांना सात-आठ आठवडे लागले. त्या काळात लाइट निम्म्यावर आणला होता आणि आठवड्यातून दोनदा बारीक खाणं ड्रॉपरने अगदी तोंडाशी सोडत होते.

उपाय म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारे दोन छोटे पंखे लावले. बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, पण मग रोजचं गोडं पाणी दीडवरून अडीच लिटरवर जातं. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा हे पंखे जवळपास शोभेचे. दुसऱ्या वर्षी चिलर घेतला. महाग आहे, आवाजही करतो, पण मुंबईच्या पट्ट्यात कोरल ठेवायचं ठरवलं असेल तर तो खर्च टँकच्या खर्चात आधीच धरा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पहिला मान वेव्हमेकरला, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाला. अंधारात कोरल दोन दिवस सहज काढतं, पण पाणी हललं नाही तर काही तासांत त्यातला ऑक्सिजन संपायला लागतो.

लाइट निळसर, दिवसाला आठ-नऊ तास. नवीन कोरल आधी तळाशी, मग पंधरा दिवसांत पायरी-पायरीने वर. मशरूमला सावली आणि संथ पाणी आवडतं. झोआला त्याहून थोडं जास्त. प्रवाह कुणाच्याही थेट तोंडावर नको.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मात्र दर रविवारी मोजा. चाचणी सोपी आहे: निळं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). समुद्रात ती साधारण सात असते, मी आठ-साडेआठवर ठेवते. कमी झाली तर महागड्या बाटलीची गरज नाही. १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा घातला की एक डीकेएच वाढते. सोडा, बेकिंग पावडर नाही! गोड्या पाण्यात विरघळवून, वेव्हमेकरसमोर, धारेने. आणि एका दिवसात एकापेक्षा जास्त वाढवायची नाही. मऊ कोरलच्या टँकमध्ये हीही वेळ क्वचित येते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंत तर कॅल्शियम-मॅग्नेशियम आपोआप सांभाळलं जातं.

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका. मी लागले होते. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) रात्रंदिवस, फॉस्फेट शोषणारी पूड, माशांना उपास. दोन्ही आकडे शून्य झाले आणि वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुडे धरलेला थर आला, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जिवांचा. तो घालवायला उलट माशांना जास्त खाऊ घालावं लागलं. आता नायट्रेट पाच-दहा, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असलं की मी किट मिटवून ठेवते.

घरातल्या हवेकडेही लक्ष हवं. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येतात, डासांचा स्प्रे मारला जातो. यातली औषधं कीटकांसाठी बनलेली असली तरी त्यांना कीटक आणि कोळंबी यांतला फरक कळत नाही. एका दुपारी बाहेरच्या पॅसेजमध्ये फवारणी झाली आणि संध्याकाळी माझ्या दोन्ही कोळंब्या उलट्या पडल्या होत्या. तेव्हापासून नोटीस लागली की टँकवर ओला पंचा आणि एअर पंपाची नळी खिडकीबाहेर. माशांच्या आजारावरची तांब्याची औषधंही या टँकमध्ये कधीच नाही. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या बादलीत काढा.

एप्टेशिया नावाचं तपकिरी, डंख मारणारं, फुलासारखं दिसणारं छोटं सी-ॲनिमोन (प्राणीच तो) खडकावर दिसलं तर त्याला ओढून काढू नका, उरलेल्या कणांतून नवी उगवतात. शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो ती चुन्याची निवळी आठवते? तोच चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण इथे घट्ट कालवून. पंप बंद, सिरिंजने हळूच त्याच्या तोंडावर एक थेंब, दहा मिनिटं शांतता. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. पानाच्या डब्यातला चुना नको, त्यात काय मिसळलंय कोण जाणे.

झोआ हाताळताना मात्र थट्टा नाही. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापायचं, हाताला चीर असेल तर त्या दिवशी नाहीच. आणि झोआ असलेला खडक साफ करायला कधीही उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. त्या वाफेने माणसं हॉस्पिटलात गेली आहेत.

राहता राहिलं लेदर. गणपतीच्या त्या प्रकारानंतर सहा महिन्यांनी ते पुन्हा मिटलं. सगळे आकडे जागेवर. वर मेणचट, चकचकीत पापुद्रा आला, त्यावर थोडं शेवाळंही धरलं. सासूबाई म्हणाल्या, "गेलं गं ते." मलाही तसंच वाटलं, पण वास येत नव्हता, मेलेलं लेदर घरभर कळतं. पाचव्या दिवशी पापुद्र्याची कड सुटून पाण्यात हलताना दिसली, साप कात टाकतो तशी. हे ते अधूनमधून करतंच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वेव्हमेकर जरा त्याच्याकडे वळवला, सुटलेला पापुद्रा चिमट्याने उचलला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची ताजी पिशवी टाकली, कारण लेदर शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतं. संध्याकाळी कॉलेजहून आले तेव्हा त्याच्या टोपीवर एकेक बारीक पिवळसर बोट बाहेर येत होतं.