आधी खालच्या घराची बेल वाजवा

1984 साली दहावीत गचकलो आणि कळव्याच्या नाक्यावर बिगारी म्हणून उभा राहिलो. नौपाड्यातल्या एका साइटवर घमेली वाहिली, तेव्हापासून बांधकामाच्याच धंद्यात आहे, आता घरदुरुस्तीची कामं घेतो. हल्ली ओळखीतली पोरं विचारतात, "काका, या लाइनीत यायचं तर सुरुवात कुठून करू?"

हाताने करा. दोन वर्षं तरी चांगल्या गवंड्याच्या हाताखाली काढा. शिकून यायचं असेल तर आयटीआयमध्ये मेसनचा ट्रेड एक वर्षाचा आहे, ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा. जरूर करा, पण नजर साइटवरच तयार होते. आमचे मिस्त्री संध्याकाळी बॅटरी प्लास्टरला टेकवून आडवा उजेड मारायचे. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर मग फुगीर जागांच्या सावल्या पडायच्या. काही न बोलता ते तिथे खडूने गोल करत आणि दुसऱ्या दिवशी तेवढं मी तासायचं.

पहिली दहा-पंधरा वर्षं स्लॅब आणि वीटकामातच गेली. 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, तशी नवी मुंबईत आणखी माणसं राहायला येऊ लागली आणि पाठोपाठ घरदुरुस्तीची कामं सुरू झाली. मला वाटलं, नवं बांधणाऱ्याला जुनं सुधारणं काय अवघड!

वाशीत सिडकोच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम घेतलं. एप्रिल संपत आला होता, घरमालकांकडे पाहुणे यायचे होते, घाई होती. जुना कोबा फोडला, नवं वॉटरप्रूफिंग केलं आणि गळतंय का ते बघायला पाणी भरून न ठेवताच टाइल्स बसवून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी खालच्या आजींचा निरोप आला. बाथरूमच्या दाराशी त्यांचा पोटमाळा होता आणि त्यावर वर्षाच्या कुरडया-पापडांचे डबे. पाणी नेमकं त्यावर ठिबकलं होतं. आजी रागावल्या नाहीत, नुसता डबा उघडून माझ्यासमोर धरला. सगळा लगदा.

नव्या टाइल्स स्वखर्चाने फोडल्या. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या गळ्याशी, पाइप आणि स्लॅब यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती, ती वरच्यावर सिमेंटने लिंपलेली. चूक प्लंबरची, पण तिच्यावर माती टाकणारा मी. त्या कामात कमाई शून्य, उलट पदरचे गेले.

तेव्हापासून बाथरूम घेतलं की पहिली बेल खालच्या घराची. त्यांचं छत आधी बघायचं, जुने डाग असतील तर फोटो काढायचे, म्हणजे पुढे वाद नको. मग वर फोडकाम. ट्रॅपभोवती आणि भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई द्यायची, कोटिंग भिंतीवर फूटभर तरी चढवायचं, उतार पाच फुटाला पाऊण इंच ठेवायचा. ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी उभं ठेवायचं आणि पातळीवर पेन्सिलची खूण करायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत खाली जाऊन छताला हात लावून बघायचं. घरमालक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

भिंतीचंही तेच. "ही भिंत काढून किचन ओपन करा" असं जो तो म्हणतो. जुन्या इमारतीत काही भिंती भार घेणाऱ्या असतात, ठोकून बघून त्या कळत नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी पत्र आणि सोसायटीची परवानगी हातात आल्याशिवाय मी हातोडा उचलत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यापायी दुसरीकडे गेली.

पैशाचं थोडक्यात सांगतो. काम टप्प्यांत लिहून घ्या आणि टप्पा संपला की पैसे मागा, लाजू नका. मजुरांची शनिवारची खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, मात्र चुकवू नका, गिऱ्हाइकाने पैसे दिले नसले तरी. माणसं पगारापेक्षा त्या शनिवारवर टिकतात. स्वतः मजुरी करत असाल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवा: वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात किमान 90 दिवस काम ही अट आहे. मी नोंदवलं नाही, राहून गेलं.

मागच्या आठवड्यात ऐरोलीच्या साइटवरून पुतण्याचा फोन आला. टाइल्सवाला दारात उभा होता आणि पाणी भरून एकच दिवस झाला होता. "खूण हललेली नाही काका, लावू का?" मी टाइल्सवाल्याला त्याची दिवसाची मजुरी देऊन परत पाठवायला सांगितलं.