‘बिडीचा खोकला’ म्हणून सोडून देण्याआधी: फुफ्फुसाचा कर्करोग आणि वेळेवरची तपासणी

खानदेशातल्या बहुतेक घरांत खोकल्याचे कारण आधीच ठरलेले असते. पहाटे ओट्यावर बसून खोकणाऱ्या आजोबांविषयी ‘बिडीना खोकला शे’ एवढे म्हटले की विषय संपतो, आणि चुलीपुढे बसणाऱ्या माउलीचा खोकला धुराचा ठरतो. माझ्या थोरल्या काकांना, म्हणजे आमच्या आबांना, याच समजुतीत वर्ष गेले. पुढे एक्स-रेवर डाग दिसला, तेव्हा थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या पाच महिने चालल्या. सीटी स्कॅन झाला त्या दिवशी आजार यकृतापर्यंत पोहोचलेला होता. ज्या गोष्टी आम्हाला तेव्हा कोणी सांगितल्या नाहीत, त्या येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा आजार सुरुवातीला दुखत नाही. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळतच नाही. गाठ बाहेरच्या आवरणाला किंवा बरगडीला भिडली की मगच छातीत दुखू लागते. गाठ लहान आणि एकाच जागी असताना शस्त्रक्रियेने ती काढून रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, पण नेमके त्याच काळात तो स्वतःला ठणठणीत समजत असतो. म्हणून ज्यांना धोका जास्त आहे, त्यांनी त्रास नसतानाच तपासणी करून घेण्यात अर्थ आहे.

या तपासणीचे नाव लो-डोस सीटी स्कॅन, म्हणजे नेहमीपेक्षा कमी किरणांत केलेला सीटी स्कॅन. साधा छातीचा एक्स-रे यासाठी पुरत नाही, कारण लहान गाठ हृदयाच्या किंवा बरगडीच्या सावलीत लपते. अमेरिकेत 53,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या आणि पूर्वी केलेल्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दरवर्षी एक याप्रमाणे तीनदा लो-डोस सीटी केलेल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक्स-रे केलेल्या गटापेक्षा 20 टक्क्यांनी कमी आढळले.

ही तपासणी कोणी करावी, हे ठरवण्यासाठी घरी बसून हिशेब मांडावा. दिवसाला 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक ‘पॅक-वर्ष’ होते. दिवसाला 15 सिगारेटी 30 वर्षे ओढणाऱ्याची साडेबावीस पॅक-वर्षे भरतात. अमेरिकेतील 2021 च्या शिफारशीनुसार वय 50 ते 80, किमान 20 पॅक-वर्षे, आणि धूम्रपान अजून चालू किंवा सोडून 15 वर्षे उलटलेली नाहीत, अशा व्यक्तींनी दरवर्षी ही तपासणी करावी. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पाहिला जातो, फुफ्फुसाचा नाही. त्यामुळे ही विचारणा आपणच छातीरोगतज्ज्ञांकडे करावी लागते. वरचे गणित सिगारेटीचे आहे. बिडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात, तेव्हा ‘बिडी साधी असते’ असे मानून आकडा कमी सांगू नये. दिवसाला किती बिड्या आणि किती वर्षे, हे कागदावर लिहून न्यावे.

तपासणीत घाबरण्यासारखे काही नाही. हात डोक्यावर घेऊन पाठीवर झोपायचे, सांगितल्यावर काही सेकंद श्वास रोखायचा. सुई नाही, उपाशी राहणे नाही. चिठ्ठीवर ‘लो-डोस’ असे स्पष्ट लिहिले आहे ना, ते आधी पाहावे आणि खर्चही आधीच विचारावा.

अहवालात ‘नोड्यूल’ हा शब्द आला तर घर हादरते. परंतु अशा बहुतेक लहान गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि आपल्या भागात जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या फुफ्फुसांत सापडतात. डॉक्टर तीन किंवा सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात ते गाठ वाढते का, हे पाहण्यासाठी. ती तारीख कपाशीच्या वेचणीतही चुकवू नये. घरातल्या जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवाव्यात. आबांचा पहिला एक्स-रे गादीखाली दुमडून चिकटलेला सापडला होता. तो वाचता आला असता तर डाग जुना की नवा हे तेव्हाच कळले असते.

ज्याला त्रास सुरू झालेला आहे, त्याच्यासाठी मात्र ही वार्षिक तपासणी नव्हे. त्याने थेट निदानासाठी जावे. तीन आठवड्यांपेक्षा लांबलेला किंवा स्वरूप बदललेला खोकला, थुंकीत रक्ताची रेघ, बसलेला आवाज, घटणारे वजन, त्याच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया ही लक्षणे टाळू नयेत. दोन्ही तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून उजेडात धरावीत. मध्ये पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक फट दिसत नसेल आणि बोटांची टोके फुगीर वाटत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. असे इतर आजारांतही होते, आणि फट दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नये.

क्षयाचे औषध सुरू करण्यापूर्वी ‘थुंकीत जंतू सापडले का?’ हे नम्रपणे पण नक्की विचारावे. नसतील सापडले आणि औषधानेही डाग कमी होत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणे, यांचा आग्रह धरावा. कर्करोगाचे निदान बायोप्सीनेच पक्के होते.

ज्या बायकांनी जन्मभर पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाकरी भाजली, त्यांच्याकडे विडीकाडीचा हिशेब नसतो, म्हणून त्या वरच्या निकषांत बसत नाहीत. बिडी न ओढणाऱ्यांनाही हा कर्करोग होतो, आणि घरातला धूर त्याच्या संशयित कारणांपैकी एक आहे. त्यांच्या बाबतीत लक्षणांकडे लक्ष ठेवणे हाच मार्ग उरतो, आणि घरातल्या मुलांनीच ते ठेवायला हवे, कारण ती माय स्वतःहून सांगत नाही.

बिडी सोडल्यावर साधारण दहा वर्षांत धोका निम्म्यावर येतो. मदतीसाठी 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाताना जुन्या फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटे, आधार आणि रेशनकार्ड एकाच पिशवीत घ्यावे. कर्करोग निघाला, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळू शकतात. त्यासाठी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाला, शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच भेटावे.