न्यू हॅम्पशायरमध्ये गाडीचं पासिंग: क्लार्कची फी किती, गावाचा कर किती

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, नॅशुआ-मँचेस्टरकडे नव्याने राहायला आलेला प्रत्येक जण हमखास विचारतो, "गाडी नोंदवायला पाचशे डॉलर? क्लार्कने जास्त तर नाही घेतले?" नाही घेतले. आपल्याकडच्या आरटीओबाहेरच्या एजंटची सवय डोक्यातून काढा. इथे 'वरचे' कोणी मागत नाही, तुम्हीही पुढे करू नका.

इथे गाडीची नोंदणी आधी गावात होते, म्हणजे टाऊन क्लार्ककडे (गावाच्या नोंदी ठेवणारा अधिकारी) किंवा शहर असेल तर सिटी हॉलमध्ये. थेट डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहन खात्यात, गेलात तर परत पाठवतील. क्लार्कची स्वतःची फी दोन-चार डॉलर. टायटलचा, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाचा, अर्ज भरून दिला तर त्याचे आणखी थोडे. या फीची मर्यादा राज्याच्या कायद्याने ठरवून दिलेली आहे, क्लार्कच्या मर्जीवर नाही.

खिसा रिकामा होतो तो गावाच्या परमिट फीने. ती गाडीच्या मूळ लिस्ट प्राइसवर, म्हणजे नवी असताना कंपनीने लावलेल्या किमतीवर, लागते. तुम्ही घासाघीस करून गाडी कितीला घेतली, याच्याशी तिला देणंघेणं नाही. चालू वर्षाच्या मॉडेलला हजारी १८ डॉलर, मग दरवर्षी तीनने उतरत १५, १२, ९, ६ आणि शेवटी ३. म्हणजे ३०,००० लिस्ट प्राइसची नवी गाडी ५४० डॉलर, तीच पाच वर्षं जुनी झाली की ९०. या राज्यात सेल्स टॅक्स नाही, ती वसुली अशी थोडी थोडी होते असं माझं मत. त्यामुळे पहिलीच गाडी घेणाऱ्याला मी तरी चार-पाच वर्षं जुनीच घ्यायला सांगतो. याशिवाय राज्याचा वाटा वजनाप्रमाणे वेगळा, पण बहुतेक गावांत क्लार्कच तोही जमा करून घेतो आणि प्लेट हातात ठेवतो.

आणि हो, चेकबुक न्या. कार्डाने भरलंत तर मधली कंपनी अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास कापते. ५४० वर ते क्लार्कच्या फीपेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि त्यातला एक सेंटही गावाला मिळत नाही.

दुसऱ्या राज्यातून आला असाल तर ६० दिवसांत नोंदणी करायची. जुनं टायटल (गाडीवर कर्ज असेल तर त्याऐवजी जुनं रजिस्ट्रेशन), लायसन्स, आणि पत्त्यासाठी भाडेकरार किंवा विजेचं बिल बरोबर ठेवा. डीलरकडून गाडी घेतली तर २० दिवसांची कागदी प्लेट मिळते, तेवढ्यात उरका. लहान गावांत क्लार्कचं ऑफिस आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, आधी फोन करा.

नोंदणी तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटी संपते. त्यामुळे पहिल्या वेळी रक्कम बारा महिन्यांच्या हिशोबापेक्षा कमी-जास्त आली तर घाबरू नका. नवरा-बायको दोघांच्या नावावर गाडी असेल तर अर्जावर पहिलं नाव ज्याचं, त्याचा महिना धरतात.