मोठ्या नेटवर्कचे सबनेट : द्विमान पद्धतीने

सोलापुरातील अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरी व टॉवेल विणणाऱ्या एखाद्या मोठ्या उद्योगाला १७२.१६.०.०/१६ हे खासगी नेटवर्क वीस विभागांत, म्हणजे सबनेटांत (मोठ्या नेटवर्कच्या लहान तुकड्यांत), वाटायचे आहे, असे समजू; /१६ म्हणजे ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा द्विमान अंकांच्या) पत्त्यातले पहिले सोळा बिट नेटवर्कचे. चार बिटांनी सोळाच सबनेट मिळतात, म्हणून उरलेल्या सोळा बिटांतून पाच बिट उसने घ्यावेत; त्यांतून बत्तीस सबनेट होतात आणि /१६ चे /२१ होते. मास्कचा (नेटवर्कचे बिट १ व बाकीचे ० लिहून दाखवणाऱ्या आकड्याचा) तिसरा ऑक्टेट, म्हणजे आठ बिटांचा गट, आता १११११०००, म्हणजेच २४८ होतो. २५६ मधून २४८ वजा केल्यास ८ उरतात. त्यामुळे तिसऱ्या ऑक्टेटमध्ये सबनेट ०, ८, १६, २४ असे आठाच्या पाढ्याने सुरू होतात.

आता १७२.१६.७७.२०० हा पत्ता कोणत्या सबनेटमधला, ते पाहू. ७७ म्हणजे ६४+८+४+१, अर्थात ०१००११०१. डावीकडचे पाच बिट तसेच ठेवून उरलेले तीन शून्य केले की ०१००१०००, म्हणजे ७२ मिळतात. तेच तीन बिट १ केले की ७९. चौथ्या ऑक्टेटचे आठही बिट असेच आधी ० आणि मग १ होतात, म्हणून नेटवर्क १७२.१६.७२.० आणि ब्रॉडकास्ट (सबनेटमधल्या सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा पत्ता) १७२.१६.७९.२५५.

यजमानांसाठी (नेटवर्कवरच्या संगणकांसाठी) अकरा बिट उरतात, म्हणजे २०४८ पत्ते, त्यांपैकी नेटवर्क व ब्रॉडकास्ट हे दोन वगळून वापरण्याजोगे २०४६. शेवटी २५५ दिसले की पत्ता ब्रॉडकास्टच, असे मीही बरेच दिवस धरून चाललो होतो, प्रत्यक्षात १७२.१६.७६.२५५ हा पत्ता इथे संगणकाला खुशाल देता येतो.